‘हार्वेस्ट’ला दहापैकी किती?

मंडळी, रॉक गायक-गीतकार नील यंगच्या ‘हार्वेस्ट’ या अल्बमवर वाद सुरू झाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे ‘हा फारच गुळगुळीत आहे, खरा यंग ऐकायचा तर त्याचा आधीचा अल्बम “आफ्टर द गोल्ड रश” लावा.’ आणि दुसरं, ‘“हार्वेस्ट”मधलं “हार्ट ऑफ गोल्ड” ज्याला भावत नाही त्याच्याशी पुढं काय बोलायचं?’ अल्बम फेब्रुवारी 1972चा, पण ही हुज्जत काही जुनी व्हायला तयार नाही. माझ्या मते तिचं कारण साधं आहे. दोघंही एकाच रेकॉर्डबद्दल बोलत नसतात. या एका एलपीत चार ठिकाणची ध्वनिमुद्रणं आहेत, आणि गुण देणारा त्यातल्या एखाद्याच ठिकाणाला गुण देऊन मोकळा होतो.

आज आपण हा अल्बम ऐकून गुण देणार आहोत, तेव्हा आधी ही चार ठिकाणं बघू.

पहिलं नॅशव्हिल, अमेरिकेतलं कंट्री संगीताचं शहर. फेब्रुवारी 1971मध्ये यंग तिथं कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी गेला होता. त्याच कार्यक्रमासाठी जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅड हे गायकही शहरात होते. निर्माता एलियट मेझर यानं त्याला क्वाड्राफॉनिक साउंड या स्टुडिओत नेलं. जुन्या घरात थाटलेला स्टुडिओ. तिथं स्थानिक वादक जमवले: ड्रमवर केनी बट्री, बेसवर टिम ड्रमंड, पेडल स्टीलवर (आडव्या ठेवून वाजवायच्या, सूर घसरवणाऱ्या गिटारवर) बेन कीथ. पुढं याच मंडळींचं नाव ‘स्ट्रे गेटर्स’ पडलं. ‘आउट ऑन द वीकेंड’, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आणि ‘ओल्ड मॅन’ ही त्या मुक्कामातली. शीर्षकगीत एप्रिलमधलं, तेही तिथलंच. टेलर आणि रॉनस्टॅड ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आणि ‘ओल्ड मॅन’मध्ये मागं गातात. ‘ओल्ड मॅन’मधला बँजोही टेलरनंच वाजवलाय, सहा तारांचा, म्हणजे गिटारवाल्याच्या बोटांना सोयीचा.

दुसरं ठिकाण लंडनजवळचं बार्किंग टाउन हॉल. तिथं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, वाद्यरचना जॅक निट्शेची. गाणी दोनच: ‘अ मॅन नीड्स अ मेड’ आणि ‘देअर्स अ वर्ल्ड’. तिसरं ठिकाण कॅलिफोर्नियात यंगच्या स्वतःच्या रँचवरचं धान्याचं कोठार. तिथं ‘आर यू रेडी फॉर द कंट्री?’, ‘अलाबामा’ आणि ‘वर्ड्स’. आणि चौथं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातलं रॉइस हॉल: 30 जानेवारी 1971ची मैफल, एक माणूस, एक गिटार, ‘द नीडल अँड द डॅमेज डन’.

आता घड्याळ लावा. सगळा अल्बम सव्वासदतीस मिनिटांच्या आत संपतो. नॅशव्हिलची चार गाणी मिळून साधारण 14 मिनिटं. कोठारातली तीन मिळून किती? तीही 14च. ऑर्केस्ट्राची 7, रॉइस हॉलची 2. ‘नॅशव्हिलचा मऊ कंट्री अल्बम’ म्हणून जो ओळखला जातो, त्यात कर्कश इलेक्ट्रिक गिटारला नॅशव्हिलइतकीच जागा आहे! रेडिओनं मात्र वर्षानुवर्षं पहिलीच 14 मिनिटं वाजवली. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, यंगचं असं यश मिळवणारं ते एकमेव गाणं. बॉब डिलननंही पुढं एका मुलाखतीत कबूल केलं की हे गाणं लागलं की तो वैतागायचा, कारण ते त्याच्याचसारखं वाजतं.

मऊ बाजूमागं शरीराचंही कारण आहे. त्या काळात यंगच्या पाठीच्या मणक्याची चकती सरकली होती. कंबरेला पट्टा होता आणि जड इलेक्ट्रिक गिटार खांद्यावर घेऊन उभं राहणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून बसून, अकूस्टिकवर. शस्त्रक्रिया झाली आणि मग सप्टेंबर 1971मध्ये कोठारात इलेक्ट्रिक गिटार बाहेर आली. ‘व्यापारी हिशेबानं मवाळ झाला’ हा आरोप करणाऱ्यांनी हा क्रम एकदा तपासावा.

आता एक जागा जवळून ऐकू. ‘आउट ऑन द वीकेंड’ची पहिली वीस सेकंदं. बेस आणि बास ड्रम इतके चिकटून चालतात की दोन वाद्यं वेगळी काढता येत नाहीत. वर स्नेअर (ताशासारखा वाजणारा छोटा ड्रम), कोरडी, खोलीचा घुमारा जवळजवळ नाहीच. आणि सिंबल, म्हणजे झांजा? शोधा, कान लावा. बट्री हा नॅशव्हिलचा मुरलेला स्टुडिओ वादक, आणि यंगनं त्याला सांगितलं होतं की उजवा हात नको, म्हणजे झांजांची सततची चळचळ नको. ड्रमवाल्याला हे सोपं नसतं. हाय-हॅटवर (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) चालणारा उजवा हात म्हणजे त्याचं घड्याळ. ते काढून घेतलं की प्रत्येक ठोका विचार करून टाकावा लागतो, किंचित मागं राहून. त्या रिकाम्या जागेत बेन कीथचं पेडल स्टील लांबच लांब सूर सोडतं. ‘साधंसुधं वाजवलंय’ म्हणून या गाण्याला 6 देणाऱ्यानं तोच ठेका एका हातानं टेबलावर दोन मिनिटं धरून बघावा. गती वाढतेच.

कोठारात उलटा प्रकार. तिथं वादकांना हेडफोन न देता मोठे स्पीकर लावले होते, त्यामुळं प्रत्येक मायक्रोफोनमध्ये सगळ्यांचा आवाज शिरला. स्टुडिओच्या शिस्तीत हा दोष. इथं त्यानंच ‘अलाबामा’च्या गिटारला तो पसारा दिला. यंगचे जुने साथीदार क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांचे आवाज याच तीन गाण्यांत आळीपाळीनं येतात, नॅशव्हिलच्या गाण्यांत नाहीत. ‘हा नॅशव्हिलचा अल्बम’ असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या कानांतून नेमकं हेच निसटतं.

‘वर्ड्स’बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात वाईट गुण बहुधा याच गाण्याला पडतात. तक्रार एकच: मधेच अडखळतं. अडखळत नाही, मंडळी, मात्रा मोजा. कडवी आणि ध्रुवपद सरळ चार-चारच्या मापात आहेत. मधल्या वाद्यखंडात माप 11 मात्रांचं होतं. आठ मोजून तुम्ही समेवर यायला निघता आणि अजून तीन मात्रा शिल्लक असतात. पाय चुकतो आणि ऐकणारा म्हणतो, वाजवणारा चुकला. आपल्याकडं ज्यांनी अकरा मात्रांच्या रुद्र तालावर हातानं टाळी धरली आहे त्यांना हे फार तर दोन आवर्तनं जड जाईल. (रुद्र तालाशी या गाण्याचा काही संबंध नाही. मोजायची सवय कामी येते, इतकंच.)

याच गाण्याच्या आड यंत्राचाही एक दोष येतो. एलपीवर ‘वर्ड्स’ दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, म्हणजे सर्वांत आतल्या खाचांत. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच जाते, अगदी आतल्या कडेला जेमतेम 21. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. त्यात सुई झिजलेली असेल, किंवा कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) दोन-तीन मिलिमीटर पुढं-मागं बसली असेल, तर मोठ्यानं वाजणारी गिटार आणि ‘स’कार फाटतात. बाहेरच्या कडेचं ‘ओल्ड मॅन’ छान वाजतं आणि ‘वर्ड्स’ खरखरतं, मग शिक्षा गाण्याला होते. गुण देण्याआधी जुळणीच्या कागदी मापानं कार्ट्रिजचा कोन तपासा, आणि शंका वाटली तर तेच गाणं सीडीवर ऐका.

सीडी आणि एलपी शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी जुळवणं विसरू नका. दोन आवृत्त्यांत एका डेसिबलचाही फरक असला तर मोठी असलेली ‘जास्त जिवंत’ वाटते, आणि मग कोणतं प्रेसिंग (छापलेली आवृत्ती) श्रेष्ठ यावर संध्याकाळभर भांडण. फोनवरचं आवाजमापक ॲप यासाठी पुरतं. फोन ऐकणाऱ्याच्या खुर्चीत कानाच्या उंचीवर ठेवायचा, दोन्हीकडं एकाच गाण्याची तीच तीस सेकंदं लावायची, आणि आकडा सारखा येईपर्यंत बटण फिरवायचं. ॲपचा आकडा बरोबर असण्याची गरज नाही, दोन्ही वेळा सारखाच चुकला म्हणजे झालं.

आता ऑर्केस्ट्रा. ‘अ मॅन नीड्स अ मेड’ला समजा सहा जणांनी गुण दिले: 9, 9, 8, 3, 2, 2. सरासरी 5.5. पण साडेपाचच्या आसपास एकही माणूस नाही! हा आकडा फळ्यावर लिहिलात तर वादच पुसून टाकलात. अशा ठिकाणी सरासरी काढू नये, दोन्ही गटांचे आकडे तसेच लिहावेत. शिवाय या गाण्यावर दोन वेगळ्या तक्रारी एकाच चिठ्ठीत येतात. एक शब्दांची, बाई म्हणजे घरकामाला का? दुसरी वाद्यांची, एकट्या माणसाच्या कुजबुजीवर एवढे व्हायोलिन कशाला? दोन्हींना वेगळे गुण मागा.

वाद्यांची तक्रार तपासायला उत्तम पुरावा उपलब्ध आहे. टोरांटोच्या मॅसी हॉलमधली 19 जानेवारी 1971ची मैफल 2007मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हेच गाणं यंग एकटा पियानोवर गातो आणि त्यातूनच ‘हार्ट ऑफ गोल्ड’मध्ये शिरतो. ‘देअर्स अ वर्ल्ड’ही त्यात पियानोवर आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. माझं मत स्पष्ट आहे: ‘मेड’ला ऑर्केस्ट्रा पेलतो, कारण सुरुवातीचा एकटेपणा आणि नंतरचा कल्लोळ यांत अंतर आहे. ‘देअर्स अ वर्ल्ड’ त्याखाली दबून जातं. तीन मिनिटांच्या त्या गाण्याला मी 4 देईन, पियानोवर 7.

बेरीज करतानाही फसगत होते. ‘नीडल’ दोन मिनिटांचं, ‘वर्ड्स’ सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांचं. एखाद्यानं पहिल्याला 10 आणि दुसऱ्याला 4 दिले, तर गाण्यांच्या हिशेबानं सरासरी 7 येते, मिनिटांच्या हिशेबानं 5.4. दोन्ही हिशेब खरे आहेत. सुटी गाणी ऐकणाऱ्याला पहिला लागू, सुई ठेवून पूर्ण बाजू ऐकणाऱ्याला दुसरा. कोणता वापरला ते आधी सांगा, नाहीतर बेरजेवरच भांडण.

‘नीडल’च्या बाबतीत भावनेपोटी होणारी एक चूक वारंवार दिसते. गाणं हेरॉइनवर आहे, आणि यंगचा साथीदार डॅनी व्हिटन हेरॉइनच्या विळख्यात होता. म्हणून ‘व्हिटन गेल्यावर लिहिलेलं गाणं’ असं सांगितलं जातं. तारखा बघा. ध्वनिमुद्रण जानेवारी 1971, अल्बम फेब्रुवारी 1972, व्हिटनचा मृत्यू नोव्हेंबर 1972. हा शोक नव्हे, इशारा आहे. गाणं संपताच टाळ्यांवरून ‘वर्ड्स’ची गिटार येते, तो जोड मुद्दाम ऐका.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या राज्याला सुनावणाऱ्या ‘अलाबामा’वर फार वेळ नको. दक्षिणेतल्याच लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडनं 1974मध्ये ‘स्वीट होम अलाबामा’ या गाण्यातून त्याला उघड उत्तर दिलं आणि यंगनं पुढं स्वतःच्या आठवणींत मान्य केलं की आपले शब्द दोष देणारे आणि वरून बोलल्यासारखे होते. शब्दांचे गुण तिथंच गेले. गिटारचे राहिले.

समीक्षकांच्या याद्या समोर फेकणाऱ्यांना एवढंच सांगा: ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाच्या 2003च्या पाचशे सर्वोत्तम अल्बमच्या यादीत ‘गोल्ड रश’ 71वा आणि ‘हार्वेस्ट’ 78वा होता. 2020मध्ये नव्यानं मतं घेतली तेव्हा ‘हार्वेस्ट’ 72वा आणि ‘गोल्ड रश’ 90वा. रेकॉर्डी त्याच, हात वर करणारे बदलले. आणि याच मासिकानं 1972मध्ये ‘हार्वेस्ट’चं परीक्षण नापसंतीनं केलं होतं, तर त्याच वर्षी तो अमेरिकेत सर्वाधिक खपला.

आता प्रत्यक्ष ऐकू. प्रत्येक खुर्चीवर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर गाण्यांची नावं नाहीत, चार ठिकाणं आहेत: नॅशव्हिल, बार्किंग, कोठार, रॉइस हॉल. पहिली बाजू 18 मिनिटांची आहे. ती संपेपर्यंत कुणी आकडा बोलायचा नाही, शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही. बाजू उलटल्यावर ‘वर्ड्स’च्या वेळी मी फळ्यावर बोटानं अकरा मात्रा दाखवीन, ज्यांना मोजायच्या त्यांनी मोजा. दिवे जरा कमी करा.