पंधरा खुर्च्या

2 डिसेंबर 2021, मेम्फिस. फलकावर 152–79. तब्बल 73 गुणांनी हार! एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासात एवढा सपाटून मार तोवर कुणीच खाल्ला नव्हता. हरलेला संघ होता ओक्लाहोमा सिटी थंडर. जून 2025 मध्ये अजिंक्यपद जिंकणारा संघही हाच.

या पुनर्बांधणीची सुरुवात 2019 च्या उन्हाळ्यात झाली. संघाचे कारभारी सॅम प्रेस्टी यांनी आपला तारा पॉल जॉर्ज याला लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाकडे धाडलं. बदल्यात आला शाय गिल्जस-अलेक्झांडर नावाचा कोवळा पोरगा, आणि पहिल्या फेरीतले पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आपला खेळाडू निवडायचे हक्क. त्यातल्याच एका पिकवर पुढे 2022 मध्ये जेलन विल्यम्स मिळाला.

पण तारे गेले म्हणून तिजोरीला कुलूप लावता येत नाही. 2020-21 मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची ठरवलेली मर्यादा, होती 10.91 कोटी डॉलर, आणि नियम असा, की तिच्या निदान 90 टक्के रक्कम खेळाडूंच्या पगारावर गेलीच पाहिजे. मग करायचं काय? जिंकायची घाई असलेल्या संघांना एखादा महागडा करार जड झालेला असतो. ओक्लाहोमाचं म्हणणं एवढंच: आणा इकडे, आम्ही सांभाळतो, फक्त सोबत पिक द्या.

फिलाडेल्फियानं अल हॉरफर्ड दिला, वर पहिल्या फेरीतला पिक. वय 34, पगार 2.75 कोटी डॉलर. हॉरफर्ड 28 सामने खेळला, मग त्याला बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात तो बॉस्टनला गेला. तिकडून केम्बा वॉकरचा आणखी मोठा करार आला आणि सोबत 2021 चा 16 वा पिक. वॉकर इथं एकही सामना न खेळता, तडजोडीनं करार मिटवून निघून गेला. आणि तो 16 वा पिक? ह्यूस्टनला दिला, भविष्यातल्या दोन पिकच्या बदल्यात. ह्यूस्टननं त्यावर अल्पेरेन शेनगुन उचलला, जो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांत गेला. म्हणजे प्रत्येक डाव साधलाच असं नाही.

पैशापेक्षा अवघड हिशेब जागांचा. हंगामात नियमित करार फक्त पंधरा. पिक कपाटात ठेवता येतो, पण त्यावर निवडलेल्या पोराला खुर्ची लागते. हॉरफर्डच्या सौद्यातच थिओ मालेडोन आला होता. दोन हंगाम खेळला, आणि 2022 चा हंगाम तोंडावर असताना चौघांना ह्यूस्टनला पाठवलं, त्यात तोही गेला.

पंधरांच्या बाहेर मात्र एक ओसरी आहे, टू-वे कराराची: मुख्य संघ आणि कनिष्ठ लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळायचा करार. ड्राफ्टमध्ये कुणीच न विचारलेला लू डॉर्ट 2019 मध्ये त्याच ओसरीवर आला. जून 2020 मध्ये त्याला आत घेतलं, चार वर्षं, 1.54 कोटी डॉलर. एवढ्या पैशात असा बचावपटू! माझ्या मते सगळ्या पुनर्बांधणीतली सर्वांत चोख खरेदी हीच.

2025 चं विजेतेपद आलं, आणि शाय, चेट होल्मग्रेन, जेलन या तिघांचे अवाढव्य करारही. त्याच जूनमध्ये ड्राफ्टचा 24 वा पिक हाताशी होता. तो सॅक्रामेंटोला देऊन पुढचा पिक घेतला, कारण बसवायचं कुठे? उरलेल्या एका नव्या पोरासाठी जागा करायला डिलन जोन्सला वॉशिंग्टनकडे पाठवलं. वॉशिंग्टननं त्याला घ्यावं म्हणून सोबत दुसऱ्या फेरीतला एक पिक या वेळी ओक्लाहोमानं दिला.