कुणालाच नको असलेल्या गाड्या

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

'मसल कार' हा शब्द मी अमेरिकेत गेल्यावर ऐकला. 'प्लिमथ' हे नाव मात्र कुर्ल्याच्या चाळीत, अगदी लहानपणापासून माझ्या कानावर होते. माझे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांच्या या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने गाड्या जुळवल्या जात, आणि १९५०च्या दशकात तिथून बाहेर पडणारी जवळजवळ एकच गाडी डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सव्हॉय अशा तीन नावांनी रस्त्यावर येई. "पत्रा तोच, इंजिन तेच, बदलतो तो बिल्ला," असे वडील सांगत. पुढे १९७७ साली मी मिशिगनमध्ये शिकायला गेलो, तिथल्याच वाहनउद्योगात नोकरीला लागलो आणि दोन वर्षांनी माझ्या दारात एक प्लिमथ उभी राहिली. त्या गाडीबद्दल आणि तशा गाड्या बाळगलेल्या माणसांच्या आठवणींबद्दल मला आज बोलायचे आहे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत बसवलेले भलेमोठे इंजिन, इतके समजून घेतले तरी पुरे आहे. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकच्या अभियंत्यांनी हे पहिल्यांदा ठळकपणे करून दाखवले. त्यांच्या मूळ कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम असा होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट मालिकेतल्या गाडीवर २९५ डॉलरचा पर्याय म्हणून देऊ केले, आणि नियमाला बगल मिळाली. जीटीओ नावाची ही गाडी पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून अधिक खपली. त्यानंतर सहा-सात वर्षे सगळ्याच कंपन्या या चढाओढीत उतरल्या. १९७० नंतर विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि अखेर १९७३चा तेलाचा तुटवडा यांनी तो काळ संपवला. हा इतिहास सर्वत्र वाचायला मिळतो, त्यामुळे मी त्यावर अधिक वेळ घेत नाही.

मला बोलायचे आहे ते दुर्मीळपणाबद्दल. आज लिलावात एखादी गाडी लाखो डॉलरना जाते, तेव्हा ती "फक्त इतक्याच बनल्या होत्या" असे सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्या काळी निवडक धनिकांसाठी जपून केलेली ती वस्तू असावी. प्रत्यक्षात यातल्या कित्येक गाड्या दुर्मीळ झाल्या, कारण त्या खपल्या नाहीत.

इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे लहानसे गाव आहे. तिथले शेव्हरोले विक्रेते फ्रेड गिब यांनी १९६९ साली कंपनीच्या खास मागणीपद्धतीतून पन्नास कॅमारो मागवल्या. त्यांत झेडएल-१ नावाचे, संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ घन इंची इंजिन होते, जे मुळात शर्यतीसाठी घडवलेले होते. गाड्या आल्या तेव्हा कळले, की नुसत्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर लागले आहेत आणि एका कॅमारोची किंमत सात हजारांच्या पुढे गेली आहे. साधी कॅमारो त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळत होती. शेतीवर जगणाऱ्या त्या गावात एवढे पैसे कोण देणार? बऱ्याच गाड्या कंपनीला परत घेऊन देशभरच्या इतर विक्रेत्यांकडे पाठवाव्या लागल्या. अशा कॅमारो एकूण ६९ बनल्या. त्या पन्नास गाड्या अंगणात लावून घेताना गिब यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

माझ्या गाडीची कथाही याच जातीची आहे. प्लिमथ सुपरबर्ड ही १९७० सालची, एकाच वर्षात संपलेली गाडी. नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या शर्यतीत उतरायचे, तर तसे मॉडेल ठरावीक संख्येने सामान्य ग्राहकांसाठी बनवणे बंधनकारक होते. डॉजने १९६९ साली त्यासाठी ५०३ चार्जर डेटोना बनवल्या. पुढच्या वर्षी ही संख्या विक्रेत्यांच्या संख्येशी जोडली गेली आणि प्लिमथला सुपरबर्ड सुमारे एकोणीसशे बनवाव्या लागल्या. प्लिमथच्याच रोड रनर या गाडीला पुढे निमुळते, लांब पत्र्याचे नाक आणि मागे डिकीच्या बराच वर, दोन खांबांवर आडवा पंख, असे तिचे रूप होते. हे रूप हवेच्या अभ्यासातून आले होते, आणि त्याचा उपयोगही दिसला: २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या धावपट्टीवर बडी बेकर यांनी पंखाच्या डेटोनातून ताशी २०० मैलांची, म्हणजे ३२२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली. नावाजलेले शर्यतपटू रिचर्ड पेटी आदल्या वर्षी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेले होते. ते सुपरबर्डसाठी परत आले. पण घरगुती ग्राहकाला हे नाक आणि हा पंख विचित्र वाटला. गाड्या विक्रेत्यांच्या आवारात वर्ष-दोन वर्षे पडून राहिल्या, आणि काहींनी तर पंख आणि नाक काढून, साध्या रोड रनरचा पुढचा भाग लावून त्या विकल्या. आज जी गाडी पाहायला लोक रांगा लावतात, तिचे अंग तोडून ती साधी करावी लागली होती, हे मला अजूनही चटका लावते.

मी ती घेतली १९७९च्या शरद ऋतूत. पेट्रोलच्या दुसऱ्या टंचाईचे ते दिवस होते. पंपावर रांगा लागत आणि ७.२ लिटरच्या इंजिनाकडे कुणी ढुंकून पाहत नसे. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने ती मला माझ्या तीन महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी पैशांत दिली. पांढरा रंग, वर काळा व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच्या कापडाचा, टप. हॉर्न दाबला की रोड रनर या कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' आवाज येई, आणि त्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना पैसे मोजले होते. पुढचे दिवे नाकात लपलेले असत आणि इंजिनाच्या निर्वातावर उघडत. थंडीत सकाळी डावा दिवा लगेच उघडे आणि उजवा काही क्षण मागे राही. माझी मुलगी त्या वेळी तीन वर्षांची होती. ती खिडकीत उभी राहून "आता दुसरा डोळा उघडला" असे सांगे.

त्या काळ्या टपाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. रोड रनरची मागची काच ज्या पद्धतीने बसलेली होती, ती हवेच्या प्रवाहाला अडथळा करी. म्हणून सुपरबर्डच्या मागच्या खिडकीभोवती पत्र्याचा वेगळा तुकडा जोडून तिथला आकार बदलला गेला. या जोडाची शिवण घासून गुळगुळीत करायला वेळही लागला असता आणि पैसेही, म्हणून प्रत्येक सुपरबर्डवर वरून व्हिनाइल चढवले गेले. ग्राहकाला ती शोभा वाटली. कारखान्यातल्या माणसाला ठाऊक होते की खाली शिवण आहे. याच व्हिनाइलखाली पाणी मुरते आणि पत्रा आतून सडतो. १९८३ साली माझ्या गाडीचे व्हिनाइल काचेच्या कोपऱ्यापाशी फुगले, तेव्हा मी ते उचलले आणि खालची शिवण पाहिली: भरलेल्या लांबीवर, म्हणजे पुटीवर, पॉलिशपेपरचे तिरपे ओरखडे जसेच्या तसे होते. तेरा वर्षांपूर्वी डेट्रॉइटमधल्या कुणा कामगाराचा हात तिथून घाईने फिरला होता. त्या संध्याकाळी मी वडिलांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले त्यात गाडीची चौकशी नव्हती; पत्रा किती जाडीचा आहे, एवढेच विचारले होते.

डेट्रॉइट शहरातून वुडवर्ड नावाचा सरळ, रुंद रस्ता उत्तरेला पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत जातो. साठच्या दशकात रात्री याच रस्त्यावर तरुण मुले एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत गाड्या पळवत, आणि कंपन्यांचे अभियंतेही आपली नवी इंजिने घेऊन तिथे येत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक भरते. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून मालक बसतात आणि बोलतात. मी त्यांच्यात बसून वर्षानुवर्षे ऐकत आलो. कुणीही इंजिनाच्या ताकदीपासून सुरुवात करत नाही. ब्यूइकची जीएसएक्स १९७० साली ६७८ बनली, पिवळी किंवा पांढरी, आणि तिच्या ४५५ घन इंची इंजिनाला ५१० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, होता. तिचे एक मालक मला सांगत होते, की ते हिवाळ्यात तिच्या डिकीत वाळूची पोती टाकून बर्फातून कामावर जात, कारण घरात दुसरी गाडीच नव्हती. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने दारांचा खालचा पत्रा सडला, तो त्यांनी स्वतः कापून जोडला. दुर्मीळ वस्तू आपण अशी वापरली याची खंत त्यांच्या आवाजात मला जाणवली नाही.

याच अर्थाने मला 'बुलिट' चित्रपटातल्या हिरव्या मस्टँगची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६८च्या त्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली ही गाडी १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने सहा हजार डॉलरना घेतली. त्या घरातली गृहिणी शिक्षिका होती, आणि ती रोज या गाडीने शाळेत जाई. १९७७ साली खुद्द मॅक्वीन यांचे गाडी परत मागणारे पत्र आले. कुटुंबाने ती दिली नाही. १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती कित्येक वर्षे. २०१८ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती पुन्हा लोकांसमोर आली आणि जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ३४ लाख डॉलरची बोली झाली. सगळी वर्तमानपत्रे त्या आकड्याबद्दल लिहीत होती. मी मात्र त्या शिक्षिकेबद्दल विचार करत होतो, की तपासायच्या वह्या ती कुठल्या सीटवर ठेवत असेल.

आता प्रश्न येतो खरेपणाचा. किमती चढल्या, तशा बनावट गाड्याही निघाल्या. साध्या गाडीवर बिल्ले, पट्टे आणि पंख लावणे अवघड नाही. वडिलांचे वाक्य इथे अगदी शब्दशः लागू पडते. म्हणून जाणकार आधी काचेखालच्या डॅशबोर्डवरचा क्रमांक वाचतो. माझ्या गाडीचा क्रमांक 'आरएम२३यू०ए' असा सुरू होई. पहिल्या चार खुणा म्हणजे गाडीची मालिका, श्रेणी आणि दोन दारांची बांधणी. 'यू' म्हणजे चार नळ्यांच्या कार्बोरेटरचे ४४० घन इंची इंजिन. शून्य म्हणजे १९७०. आणि 'ए' म्हणजे डेट्रॉइटमधला लिंच रोड कारखाना. तोच 'यू' जर 'आर' असता तर ती ४२६ घन इंची हेमी इंजिनाची असती, तशा सुपरबर्ड साधारण १३५ बनल्या, आणि माझ्या घराचे अर्थकारणच बदलले असते. या क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. शिवाय कारखान्यातला मागणीचा कागद कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. एवढे असूनही मधल्या वर्षांत गाडीचे काय झाले, हे कोणताही क्रमांक सांगत नाही. ते मालकालाच आठवावे लागते, आणि मालक म्हातारे होत चालले आहेत.

मी गाडी १९८७ साली घर घेताना विकली. त्याबद्दल मी अनेक वर्षे घरात बोललो नाही. २००९ साली ओहायोमधून एका गृहस्थांचा फोन आला. जुन्या नोंदणीच्या कागदावर त्यांना माझे नाव सापडले होते. ते गाडी पूर्ववत करत होते आणि त्यांना विचारायचे होते: व्हिनाइल पूर्वी कधी उचलले होते का, कार्बोरेटर मूळचा आहे का, उजव्या दिव्याची नळी कुणी बदलली. मला दोन गोष्टी आठवत होत्या, तिसरी आठवत नव्हती. माझी पत्नी आतल्या खोलीत गेली आणि हिशेबाच्या जुन्या वह्या घेऊन आली. दूध, भाडे, मुलीचे बूट, भारतात पाठवलेले पैसे, आणि त्यांच्यामध्ये गाडी. "गाडीचा टप, कोपरा, लांबी व रंग." "कार्बोरेटर किट." "उजवा डोळा, रबरी नळी, ४ डॉलर." मुलीचा शब्द तिने तसाच लिहून ठेवला होता.

त्या गृहस्थांच्या विनंतीवरून आम्ही गाडीच्या नोंदी असलेली अकरा पाने छायाप्रत करून पाठवली आणि प्रत्येक ओळीखाली इंग्रजी अर्थ लिहिला. 'उजवा डोळा' म्हणजे काय, हे कळायला त्यांनी पुन्हा फोन केला. आज ती गाडी प्रदर्शनात उभी राहते, तेव्हा तिच्याबरोबरच्या फायलीत कारखान्याचा कागद पहिला असतो आणि त्यामागे माझ्या पत्नीच्या अक्षरातली ती मराठी पाने असतात.