रनफ्लॅट की साधे टायर: त्या एका तासानंतर काय?

नवी गाडी बुक करताना माणूस काय काय बघतो! सनरूफ उघडझाप करून बघतो, डॅशबोर्डवरचा पडदा किती इंचांचा आहे ते विचारतो, सीटचं कापड हाताने चाचपतो. डिकीतला गालिचा उचलून खाली काय ठेवलंय ते बघणारा माणूस मात्र मला विरळाच भेटला आहे. आज मी त्या गालिच्याखालच्या जागेबद्दलच बोलणार आहे. पत्रिकेवर ‘रनफ्लॅट की साधे टायर’ असा विषय छापलाय. रनफ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणारा टायर. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी देऊन टाकलं तर मागच्या रांगा चहाला जातील.

गालिच्याखाली पूर्वी हमखास पूर्ण मापाची स्टेपनी असायची. आता कधी तिथे एक बारीक, सडपातळ चाक असतं. त्यात हवा भरायची ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय, आणि त्यावर ८० किलोमीटरच्या वर वेग न्यायचा नाही, असं त्या चाकावरच लिहिलेलं असतं. कधी चाक नसतंच, छोटा कंप्रेसर आणि रसायनाची बाटली असते. आणि कधी काहीच नसतं. काहीच नसेल तर गाडीला बहुधा रनफ्लॅट टायर असतात आणि ‘चाकाची गरजच नाही’ असं तुम्हाला सांगितलेलं असतं. इथे बसलेल्यांपैकी आपल्या स्टेपनीतली हवा शेवटची कधी तपासली हे ज्यांना आठवतंय, त्यांनी हात वर करा बरं. ठीक. जे हात वर आहेत त्यांतले निम्मे गॅरेजवाल्यांचे आहेत, मी ओळखतो त्यांना.

आता मुळाशी जाऊ. गाडीचं वजन टायरचं रबर पेलतं असं आपण धरून चालतो. ते पेलते हवा. चाकावर ४०० किलो भार असेल आणि आत ३२ पीएसआय हवा असेल, तर टायर जमिनीला साधारण १८० चौरस सेंटीमीटर टेकतो आणि त्या एवढ्याशा जागेवर हवा ते ओझं तोलून धरते. हवा गेली की ओझं येतं टायरच्या बाजूच्या भिंतीवर. साध्या टायरची भिंत मुद्दाम लवचिक केलेली असते, कारण खड्ड्यातला दणका तिनेच गिळायचा असतो. हवेविना ती भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये दुमडते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पुन्हा दुमडते. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तिथे बोटाला चटका बसतो ना, तसंच इथे होतं. घर्षणापेक्षा ही आतली उष्णता टायरला मारते. रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडतात, आणि किलोमीटर-दोन किलोमीटरांत टायर कायमचा जातो.

असा टायर रिमवरून उतरवताना एकदा जवळ उभे राहून बघा. बाहेरून तो बरा दिसतो, एखादा खिळा आणि बाजूला थोडं खरचटलेलं. उलटा केला की आतून काळी पूड सांडते, मिरीपूड असते तशी बारीक. आतल्या अस्तरावर बोट फिरवलं तर भिंतीच्या मध्यावर गोल खरखरीत पट्टा लागतो, चाकाच्या पूर्ण घेरभर. ती पूड म्हणजे टायरच्या भिंतीचं झिजून पडलेलं रबर. बाहेरून खिळा काढून भोकात रबराची स्ट्रिप घातली आणि हवा भरली की तोच टायर पुन्हा टणक लागतो आणि मालक खूश होऊन हमरस्त्याला लागतो. मला या गोष्टीची खरोखर भीती वाटते. पंक्चर झाल्यावर गाडी थोडीही तशीच पळवली असेल, तर टायर रिमवरून उतरवून आतून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. टायर रनफ्लॅट असो वा साधा, हे दोघांना सारखंच लागू आहे.

रनफ्लॅटमध्ये ही बाजूची भिंतच जाड केलेली असते, आत कडक आणि कमी तापणाऱ्या रबराचे थर घालून. हवा गेली तरी भिंत उभी राहते आणि ओझं उचलते. किती वेळ? सर्वसाधारण आकडा असा, की ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर. भागाकार करा, उत्तर येतं एक तास. माझा मुद्दा या एका तासाचाच आहे. रनफ्लॅट घेताना तुम्ही एक तास विकत घेता. गाडी खचाखच भरली असेल, ऊन रणरणतं असेल, तर तोही कमी होतो. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, आणि ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेली नसते.

हा तास मिळवण्याची धडपड आजची नाही. तो इतिहास मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, ते लोक विसरून गेले, आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. हवा आली आणि तिच्याबरोबर पंक्चर आलं. सुरुवातीच्या मोटारींची लाकडी आऱ्यांची चाकं पक्की बसवलेली असत, सहजी निघत नसत. म्हणजे भर रस्त्यात टायर उचकटा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, पुन्हा चढवा, हातपंपाने हवा मारा. पावसातसुद्धा! यावर १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी तोड काढली. आरे नसलेली नुसती रिम घ्यायची, तिच्यावर हवा भरलेला टायर तयार ठेवायचा, आणि पंक्चर झालं की ही रिम हवा गेलेल्या चाकाच्या शेजारी क्लिपांनी आवळून टाकायची. मूळ चाक काढायचंच नाही! गाडी त्या उसन्या चाकावर घरापर्यंत चालवायची. त्यांचा कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर. हो, तीच स्टेपनी. म्हणजे पहिली स्टेपनी ही बदलायचं चाक नव्हती. ‘थांबू नका, चालत राहा, दुरुस्ती घरी गेल्यावर’ हा रनफ्लॅटवाला विचार तिच्यात होता.

पुढे १९७० च्या दशकात डनलॉप कंपनीने डेनोव्हो नावाचा रनफ्लॅट टायर आणला. १९७४ पासून मिनी १२७५ जीटी या छोट्या गाडीला तो हवा असल्यास मिळत असे. चाकात वंगणाच्या डब्या बसवलेल्या. टायरमधली हवा गेली की डब्या चिरडून फुटायच्या, आतलं द्रव भोक बुजवायला धावायचं आणि भिंती एकमेकींवर घासून तापू नयेत म्हणून वंगणाचंही काम करायचं. किती सुंदर डोकं चालवलंय बघा! पण त्याला खास रिम लागायची आणि त्या रिमवर दुसरा टायर बसायचा नाही. मग मिशलँ या टायर कंपनीचं पॅक्स. चाकाच्या आत एक आधाराचं कडं, हवा गेली की टायर त्या कड्यावर टेकणार. याचा वायदा आणखी मोठा, सुमारे २०० किलोमीटरचा. अमेरिकेत २००५ च्या होंडा ओडिसीच्या वरच्या मॉडेलला हे टायर होते. पुन्हा तेच झालं: रिम वेगळी, बसवायचं यंत्र वेगळं, ते जाणणारी दुकानं मोजकी. ग्राहकांच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या आणि काही वर्षांतच कंपनीने ती प्रणाली पुढे वाढवणं थांबवलं. दोन्ही टायर रस्त्यावर दिलेला शब्द पाळत होते. हरले ते दुकानात. तास संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

जाड भिंतीचा रनफ्लॅट टिकला, कारण तो त्याच मापाच्या नेहमीच्या रिमवर चढतो. शेव्हरोले कॉर्व्हेटला तो १९९४ पासून पर्याय म्हणून मिळू लागला, आणि १९९७ च्या कॉर्व्हेटमधून स्टेपनी गेलीच. नंतर बीएमडब्ल्यूने तो आपल्या बहुतेक गाड्यांना लावला आणि तो घराघरात पोचला.

आता माझी तक्रार, आणि ही मी मन लावून सांगणार आहे. विकताना या टायरबद्दल जे बोललं जातं, ते अर्धवट असतं. माझ्या एका मित्राला गाडी घेताना सांगितलं, “साहेब, याला पंक्चरची चिंताच नाही.” वाक्य गोड आहे. त्याने त्याचा अर्थ ‘पंक्चर होत नाही’ असा घेतला, आणि त्यात त्याची काय चूक? एका शनिवारी संध्याकाळी, घरच्यांना घेऊन परगावी जाताना, डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. गाडी कुठे ओढत नव्हती, आवाज नव्हता, म्हणून त्याला वाटलं दिवाच बिघडलाय. रनफ्लॅटमध्ये हे नेहमी होतं. चाकातली हवा गेल्याचं हाताला कळतच नाही, म्हणून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला रनफ्लॅट कधीही लावायचे नाहीत. त्याच्या बायकोने आग्रह धरला, म्हणून त्याने वेग कमी केला आणि पुढचं गाव गाठलं. इथवर टायरने आपलं काम चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. अंधारात, ट्रकांच्या रांगेशेजारी जॅक लावायची वेळ त्या घरावर आली नाही.

पण गावात पहिल्या दुकानात ही कडक भिंत रिमवरून सोडवायला लागतं ते जादा हाताचं यंत्र नव्हतं. दुसऱ्या दुकानात यंत्र होतं, पण त्या मापाचा रनफ्लॅट नव्हता. जुनाच टायर दुरुस्त करा म्हटलं, तर दुकानदाराने तो उघडून आतला खरखरीत पट्टा दाखवला आणि हात जोडले. भला माणूस. पुष्कळ कंपन्या हवेविना चाललेला रनफ्लॅट दुरुस्त करू नका असंच सांगतात, आणि ज्या परवानगी देतात त्याही भोक लहान असेल, नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातच असेल, तरच देतात. डिकीत चाक नाही. टायर बाहेरून मागवला आणि तो मंगळवारी आला. तोपर्यंत मुलांची शाळा बुडाली, मुलं मात्र आनंदात होती. मित्राने नंतर विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर मिळालं, “तुम्ही सुखरूप पोचलात ना?” हो, पोचला. पण निघायच्या वाटेबद्दल त्याला कुणी काही बोललं नव्हतं. ही माहिती गाडी घेतानाच, सही करण्याआधी, ग्राहकाला स्पष्ट मिळायला हवी. तो त्याचा हक्क आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग मुख्य उत्तर भराभर सांगतो.

तुमच्या नेहमीच्या रस्त्यांभोवती एका तासाचा घेर मनात आखा. त्या घेरात रनफ्लॅट उतरवणारं यंत्र आणि तुमच्या मापाचा टायर, दोन्ही मिळत असतील तर रनफ्लॅट जरूर घ्या. विशेषतः द्रुतगती मार्गावर रात्री-अपरात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्यांनी आणि ज्यांना चाक बदलणं अंगाला झेपत नाही त्यांनी. फोन करून मापासकट विचारा. मापात आर च्या जागी आरएफ असेल तर तो रनफ्लॅट समजा. त्या घेरात हे मिळत नसेल, रस्ते खडबडीत असतील, तर साधे टायर आणि पूर्ण मापाची स्टेपनी. यात मला शंका नाही.

खड्ड्यांचं वेगळं सांगतो. रनफ्लॅटची भिंत कमी दबते, म्हणून दणका रिमकडे आणि तुमच्या कमरेकडे जास्त जातो. टायर वजनालाही जड असतो. ज्या गाडीचं सस्पेंशन रनफ्लॅट धरूनच जुळवलेलं असतं तिथे हे पुष्कळ कमी जाणवतं, म्हणून टेस्ट ड्राइव्ह खराब रस्त्यावर घ्या, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. आणि खड्ड्याने भिंतच फाटली तर रनफ्लॅटचा तो तासही मिळेलच असं नाही.

मधला मार्ग आहे: आतून चिकट थर दिलेले टायर. नक्षीतलं साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक ते आपोआप बुजवतात, गाडीही मऊ चालते. भिंतीच्या जखमेवर त्यांचा उपयोग नाही.

गाडी रनफ्लॅटची आहे आणि साध्यावर यायचंय? चालेल, पण आधी गाडीच्या कंपनीचं म्हणणं बघा, चारही एकदम बदला आणि त्याच दिवशी डिकीची सोय करा. एक रनफ्लॅट, एक साधा अशी जोडी एका अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांना, अजिबात नको, वळणावर दोन चाकं दोन तऱ्हेने वागतात. स्टेपनी विकत घेतली तर ती आपल्या ब्रेकवर नीट बसते का, हे दुकानातच चढवून बघा, कारण मोठ्या डिस्कवर छोटी रिम अडते. चाक ठेवायला जागाच नसेल तर कंप्रेसर आणि रसायनाच्या बाटलीचं किट घ्या, पण त्या बाटलीला मुदत असते. तारीख बाटलीवर छापलेली असते. आज घरी गेल्यावर ती वाचा, आणि उलटून गेली असेल तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी बाटली बदलून घ्या.

आता प्रश्न असतील तर विचारा. टायरचं माप मोबाइलवर काढून आणलं असेल तर तेच आधी दाखवा, वेळ वाचेल.