इमोजेन रेमस : खटल्याआधीचे कागद

मंडळी, अमेरिकेत १७ जानेवारी १९२०ला दारूबंदी अमलात आली. औषधी व्हिस्कीला मात्र कायद्यात सूट होती. जॉर्ज रेमस हा शिकागोचा वकील, पण त्याआधी औषधविक्रेता. ही फट त्याच्या लगेच लक्षात आली. सिनसिनाटीत बस्तान बसवून त्याने डिस्टिलऱ्या घेतल्या, औषधाच्या नावाखाली माल बाहेर काढला आणि तो बेकायदा विकून गडगंज झाला. त्याच वर्षी त्याने इमोजेनशी लग्न केलं. मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

६ ऑक्टोबर १९२७ला घटस्फोटाच्या सुनावणीसाठी ती मुलगी रूथसोबत टॅक्सीने निघाली होती. रेमसने पाठलाग करून एडन पार्कमध्ये टॅक्सी अडवली आणि भर सकाळी, लोकांदेखत तिच्या पोटात गोळी झाडली. ती वाचली नाही.

खटल्यात रेमस स्वतःच स्वतःचा वकील. समोर सरकार पक्षातर्फे चार्ल्स टाफ्ट, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. रेमसचा बचाव एवढाच, की बायकोच्या वागण्यानं माझं डोकं फिरलं. दारूच्या धंद्यापायी तो आधी तुरुंगात असताना फ्रँकलिन डॉज या सरकारी एजंटशी तिचं जुळलं, दोघांनी मिळून मालमत्ता फुंकली, हे साक्षीदारांकडून वदवून घेतलं गेलं. आरोपी तो, पण झडती तिच्या चारित्र्याची झाली. ज्युरीने १९ मिनिटांत वेडाच्या कारणावर त्याला निर्दोष ठरवलं, आणि १९२८मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळातून सुटलाही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९१४मध्ये शिकागोत, बायकोचा खून केलेल्या एका अशिलासाठी याच रेमसने तात्पुरत्या वेडाचाच बचाव मांडला होता.

इमोजेनबद्दल आज जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या कोर्टातून आणि त्याच्या बातम्यांतून आलंय. डॉजचं प्रकरण खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मारणाऱ्याने सुटण्यासाठी रंगवलेलं चित्र आपण तिचं चरित्र म्हणून वाचतो, हे मला मनापासून खटकतं.

म्हणून माझा आग्रह आहे, की खुनाआधीच्या कागदांपासून सुरुवात करावी. १९२०च्या जनगणनेच्या याद्या ७२ वर्षांनी, १९९२मध्ये खुल्या झाल्या. पुढच्या जनगणनेला ती हयातच नव्हती. मग लग्नाची नोंद. मग १९२४मध्ये अटलांटाच्या तुरुंगात जाताना रेमसने तिला दिलेलं मुखत्यारपत्र, म्हणजे सह्यांचा अधिकार त्याने आपणहून दिलेला होता. त्या अधिकारात झालेला प्रत्येक व्यवहार तारखेनिशी लावा: काय विकलं, कुणाला, केवढ्याला, आणि त्या महिन्यात वकिलांची व सरकारची देणी किती होती. ‘तिने लुटलं’ हे वाक्य या तक्त्यासमोर ठेवून तपासा.

आणि १९२५चा घटस्फोटाचा अर्ज आधी वाचा. तो तिच्या बाजूने, ती जिवंत असताना दाखल झालेला आहे. रूथची साक्ष त्यानंतर घ्या. टॅक्सीत आईच्या शेजारी तीच बसली होती.