चेंडूवरचा दोरा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत्येबहिणीचं न्यूयॉर्कचं तिकीट आलं तेव्हा आत्यानं चष्मा चढवून वाचलं: मुंबईहून रात्री २ वाजता सुटणार, सकाळी ७:३० ला पोचणार. म्हणाली, "साडेपाच तास? अगं, आपली वंदे भारतसुद्धा मुंबईला जायला याहून जास्त घेते!" हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास असतं. ते मिळवले की सोळा तास होतात.

सोळाच का, हे बघू. हा फुटबॉल शेजारच्या पोराचा. टाचणी टोचायची नाही या अटीवर मिळालाय, म्हणून खडूनं दोन ठिपके केलेत: मुंबई आणि न्यूयॉर्क. दोरा मात्र आपल्या चादरीच्या मागावरचा. शाळेतल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. आता चेंडूवर दोरा ताणतो. बघा, कसा वर सरकला! मॉस्कोच्या आसपास, मग आइसलँडजवळून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी, आणि कॅनडावरून खाली. सगळ्यांत जवळची वाट हीच, सुमारे १२,५५० किलोमीटर.

विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगानं भागलं तर चौदा तास येतात. पण दोऱ्याचा सुरुवातीचा तुकडा पाकिस्तानवरून जातो, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते आकाश भारतीय विमानांना बंद झालं. मग वळसा आला. त्यावर वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. विमानाचे ते ९०० भोवतालच्या हवेच्या हिशेबानं असतात. समोरून शंभराचा वारा आला की जमिनीच्या हिशेबानं आठशेच उरतात. आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत उलट दिशेनं चालून बघा, म्हणजे कळेल.

हाच वारा पाठीशी घेतला तर? ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी उलट बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. वाट जवळपास १,४०० किलोमीटरनं लांबली, १५,३०० च्या घरात गेली. तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! मला हा किस्सा फार आवडतो. किलोमीटर मोजून तिकीट काढणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा.

बहिणीचं परतीचं तिकीटही आत्यानं तपासलं. दुपारी १२ ला सुटणार, दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत. साडेदहा वजा करा: साडेचौदा तास, म्हणजे येताना दीड तास वाचला. मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. आत्यानं कागद पाहिला, तिकीट पाहिलं आणि म्हणाली, "ते असू दे. जाताना साडेपाच आणि येताना पंचवीस! पोरीला म्हणावं, दशम्या आणि शेंगा चटणी येतानाच्या प्रवासाला ठेव."