घरात माणसं किती?

नमस्कार श्रोतेहो. मला दिलेला विषय आहे ‘कुटुंबाचा समाजशास्त्रीय अभ्यास’. नाव जड आहे, म्हणून मी आपला साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात माणसं किती? हातातलं काम चालू ठेवा, नुसता मनात आकडा धरा. धरलात? आता सांगा, पुण्याला शिकायला असलेला मुलगा त्यात धरला का? लग्न होऊन कऱ्हाडला गेलेली लेक? गावाकडं शेत राखत बसलेले सासरे? बघा, हलला ना आकडा?

आमच्या शास्त्रातली निम्मी भांडणं याच आकड्यावरून झाली. जनगणनेवाले दारात येतात ते चूल मोजायला. एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे त्यांच्या लेखी एक घर. चूल वेगळी झाली की घर वेगळं. हे ध्यानात ठेवा, चुलीवर मोजणी. पुढं लागणार आहे.

इरावतीबाई कर्व्यांचा नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ १९५३ साली आला. एकत्र कुटुंब कशाला म्हणायचं, तर एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता, सामायिक देव आणि ठरावीक नात्याची माणसं, असं त्यांनी मांडलं. पुढं समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई गुजरातेत महुवा गावी गेले. त्यांचं पुस्तक १९६४ चं. त्यांना दिसलं की चुली वेगळ्या झालेले भाऊसुद्धा जमीनजुमला, देणंघेणं, लग्नकार्य एकत्रच बघतात. मग त्यांना विभक्त कसं म्हणायचं? दुसरे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा, त्यांनी तर गुजरातेतल्याच एका गावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नोंदी काढल्या, आणि त्यातही लहान घरं भरपूर निघाली. म्हणजे ‘पूर्वी सगळे एकत्र होते, आता सगळं मोडलं’ हे आपण पारावर बसून म्हणतो तेवढं सरळ नाही. अहो, माणसं तेव्हा आजच्याइतकी जगत नव्हती, चार पिढ्या एका पंगतीला बसणार कुठून? शहा म्हणायचे, घर आणि कुटुंब या दोन गोष्टी आहेत. पुन्हा सांगते, घर वेगळं, कुटुंब वेगळं.

झालं शास्त्र. आता मला जे सांगायचंय ते.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी नुकती एम. ए. झाले होते आणि एका संस्थेच्या पाहणीत मुलाखती घ्यायचं काम मिळालं होतं. खांद्याला शबनम, त्यात छापील तक्ते, दोन पेन, एक पेन्सिल. सांगलीहून पहाटेची एस. टी. धरायची, तासगावमार्गे विटा, तिथून पुढं मिळेल ते. गावाचं नाव सांगत नाही. खानापूर तालुका, शाळू काढून झालेला, ऊन मी म्हणत होतं.

एका घरापुढं आजी शेंगा फोडत बसलेल्या. मी शेजारी बसले, तक्ता काढला आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, घरात माणसं किती?”

आजींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, “कुठली सांगू? जेवणारी, कमावणारी, का सुतक धरणारी?”

आता आली का पंचाईत! छापील तक्त्यात चौकट एकच. मी म्हटलं, “तुम्हाला वाटतील ती सांगा.” आजींनी बोटाच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. थोरला, त्याची बायको, पोरं. धाकटा, त्याची बायको, पोरं. दोन नातू गलाईच्या कामाला, एक कोईमतूरला, एक पार आसामात. तुम्हाला माहीतच आहे, विटा-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. त्या नातवांच्या बायका इथंच. शेवटी आजी म्हणाल्या, “सोळा.” आणि जरा थांबून, “म्हातारा धरला न्हाई हां, तो वारला.”

मी आत डोकावले, तर सोप्याच्या मधोमध भिंत. नवी, गिलावा न केलेली. अलीकडं एक चूल, पलीकडं एक चूल. मी विचारलं, “आजी, दोघं वेगळे आहेत का?” त्या म्हणाल्या, “व्हय, दोन वर्सं झाली.” म्हणजे नियमाप्रमाणं दोन घरं, तक्ते दोन. गलाईवाले नातू सहा महिन्यांच्या वर बाहेर, ते बाद. सोळाचे चौदा झाले. मी लिहायला लागले.

तेवढ्यात भिंतीतून हात आला.

खरंच सांगते, भिंतीतून. चुलीच्या वर, उभ्या बाईच्या खांद्याला येईल इतक्या उंचीवर, एका विटेएवढी जागा मोकळी ठेवलेली होती. त्यातून काकणं भरलेला एक हात, हातात पितळी वाटी, वाटीत कोरड्यास. पलीकडून आवाज, “आत्ती, मीठ बघा.” आजी उठल्या, बोट बुडवून चाटलं, “घाल चिमटभर,” म्हणाल्या. हात परत गेला. अलीकडची सून चुलीपाशी बसून भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. दोघी जावा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. पण मिठाला सासू दोघींना लागायची.

इथं जरा थांबते. ‘आत्ती’ हा शब्द ऐकलात? आपल्याकडं सून सासूला आत्ती म्हणते, सासऱ्याला मामा. आत्ती म्हणजे बापाची बहीण. मामाची पोरगी करायची रीत आपल्याकडं होती, म्हणजे सुनेची सासू ही तिची सख्खी आत्याच असायची. उत्तरेत हे लग्न चालत नाही, दक्षिणेत चालतं, आणि आपण मधल्या पट्ट्यात. इरावतीबाईंनी देशाचे जे चार भाग पाडले, त्यातली ही एक मोठी खूण. मामाची मुलगी केली नाही तरी हाक राहिली. अलीकडं सुना सासूला ‘मम्मी’ म्हणतात. म्हणोत बापड्या, पण आत्ती गेली त्याचं मला वाईट वाटतं. असो.

तर भिंतीतलं भोक. मी विचारलं, “हे ठेवलं कुणी?” आजी म्हणाल्या, “गवंडी मिटवाय लागला हुता. म्या म्हटलं, तेवढी वीट ऱ्हाऊ दे, दिवाबत्तीचा उजेड यील.” दिवाबत्तीचा उजेड! घरात वीज होती.

मग मी तक्त्यातला पुढचा प्रश्न विचारला. “आजी, तुम्ही जेवता कुणाकडं?”

“सकाळी थोरल्याकडं, रातच्याला धाकट्याकडं.”

झाली का पंचाईत पुन्हा! आजींना कुठल्या तक्त्यात घालायचं? संध्याकाळी मुक्कामी आमच्या पर्यवेक्षक सरांना विचारलं. सर पुण्याचे, हुशार माणूस, पण घाईत असायचे. म्हणाले, “काल रात्री जिथं जेवल्या तिथं लिही.” मी धाकट्याच्या तक्त्यात लिहिलं, ‘आई, वय अंदाजे ७०’. पेनानं. थोरल्याच्या तक्त्यात आई नाही. भोक तर कुठंच नाही, त्याला चौकट नव्हती.

श्रोतेहो, एक कबुली देते. पुढं मी तीस वर्षं शिकवलं, शेकडो तक्ते भरले, भरून घेतले. आकड्यांवर माझा राग नाही. काही आकडे तर ऐकायलाच हवेत. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत कोण काय करतं याची. पगाराशिवायच्या घरकामात तेव्हा बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि ही ९७ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची, जे १०० त २६ च्या आसपास. उरलेले सरासरीतसुद्धा नाहीत. २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुन्हा सांगते, पाच तासांना एक मिनिट कमी. तेव्हा मोजावं. पण घराचं सगळं तक्त्यात मावलं असं समजू नये.

आणि सांगलीत फिरताना मला एका गोष्टीची चीड येते, ती इथंच सांगून टाकते. बंगल्याच्या फाटकावर मोठ्या पितळी अक्षरात ‘मातृछाया’, आणि माता गावाकडं एकटी. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून ८० नावं. कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्यानं खरं तर पत्रिकाच गोळा कराव्यात. कोण गाळलं, कुणाचं नाव खाली गेलं, कोण दोन वर्षांनी परत आत आलं, सगळा इतिहास छापील मिळतो, तोही फुकट.

स्टुडिओच्या काचेपलीकडून मला खूण होतेय, पण शेवटचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी गाडीची वाट बघत फाट्यावर उभी. लांबून आजी येताना दिसल्या. उन्हात, डोक्यावर पदर, हातात शेंगांची पिशवी. मला वाटलं, शेंगा द्यायला आल्या. शेंगा दिल्याच. मग इकडंतिकडं बघून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाय, मला कुणाकडं लिवलंस?”

मी म्हटलं, “धाकट्याकडं, आजी.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. गाडी दिसायला लागली होती. माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, “लिवलंस ते ऱ्हाऊ दे. पर थोरल्याला सांगू नगं हां.”

मी कुणाला सांगितलं नाही. आजी तर कधीच गेल्या, आणि त्यांचे थोरलेही आता नाहीत असं मध्यंतरी विट्याच्या एका बाईंकडून कळलं. म्हणून आज बोलले. नमस्कार.