बर्लिनच्या कवट्या आणि पंढरीची वाट

[दृश्य : बर्लिनच्या दालेम भागातील एक जुनी इमारत. थंडीतला रस्ता. त्यानंतर काही काळ फक्त आवाज.]

बर्लिनच्या दालेम उपनगरात १९२७ साली मानववंशशास्त्राची एक संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्याहून आलेली विशीतली एक विवाहित मराठी विद्यार्थिनी तेथे संशोधनासाठी दाखल झाली. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांचा वंशांच्या उच्चनीचतेवर विश्वास होता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असतात आणि त्याची बुद्धी श्रेष्ठ असल्याची ती खूण आहे, हे मोजमापांनी दाखवून द्यावे, अशा अपेक्षेने त्यांनी तिला विषय दिला होता. तिने १४९ कवट्या मोजल्या. डाव्याउजव्या बाजूंतला फरक सर्वच कवट्यांत कमीअधिक सापडला, मात्र त्याचा वंशाशी काही संबंध दिसला नाही, आणि जे दिसले तेच तिने प्रबंधात लिहिले. १९३० साली तिला पदवी मिळाली. कौतुक फारसे झाले नाही. पुढच्या दशकात त्याच वंशसिद्धांताच्या नावाखाली जर्मनीत काय घडले, हे जगाला ठाऊक आहे.

या विद्यार्थिनीचे नाव इरावती कर्वे.

[दृश्य : ब्रह्मदेशातील इरावती नदीचे विस्तीर्ण पात्र. त्यानंतर पुण्यातील हुजूरपागा शाळेचे आवार.]

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान या गावी गणेश हरी करमरकर यांच्या घरी मुलगी जन्मली आणि तेथल्या मोठ्या नदीचे नाव तिला दिले गेले. वडील नोकरीनिमित्त तिकडे होते. मुलीला शिक्षण मिळावे म्हणून सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे तिची मैत्रीण झाली, आणि शकुंतलेच्या आईने या दूरदेशीच्या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतले. ते घर रँग्लर परांजपे यांचे, म्हणजे केंब्रिजचा सीनियर रँग्लर हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीयाचे. देवाधर्मावर विश्वास नसलेले, पुस्तकांनी भरलेले आणि प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे असे हे घर होते. इरावतीबाईंनी पुढे आयुष्यभर समोरच्याचा मान राखूनही त्याचे मत न मानण्याची जी सवय जपली, ती त्यांना येथेच लागली असावी, असे मला वाटते.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. याच काळात रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करणारे आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारणारे अण्णासाहेब कर्वे सुनेच्या परदेशी शिक्षणाला मात्र अनुकूल नव्हते. सुधारकाच्या घरातही उंबरठा असतोच, फक्त तो थोडा पुढे सरकलेला असतो. दिनकररावांनी वडिलांशी भांडण केले नाही, पण त्यांचे ऐकलेही नाही. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

[दृश्य : येरवड्याचे डेक्कन कॉलेज, दगडी कमानी आणि लांब व्हरांडा.]

परतल्यावर काही वर्षे त्या सासऱ्यांनीच स्थापन केलेल्या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. कारभारात त्यांचे मन रमले नाही. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा त्या तेथे प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया हे त्यांचे तेथील सहकारी, आणि गुजरातमधील लांघणजच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास इरावतीबाईंकडे आला. मात्र त्यांचा खरा पिंड फिरतीचा होता. गावोगाव आणि आदिवासी पाड्यांवर जाऊन माणसांच्या डोक्यांची, नाकांची, उंचीची मापे घ्यायची, रक्तगट नोंदवायचे आणि त्यासोबत मामाला काय म्हणता, आतेभावाशी लग्न चालते का, सासरी कोणाचे नाव घ्यायचे नाही, अशा प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यायची, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. त्यातून १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून प्रत्येक भाषेतील नात्यांचे शब्द त्यांनी त्यात मांडले. उत्तरेत मुलगी अनोळखी गावी, अनोळखी घरी दिली जाते, तर दक्षिणेत तिचा सासरा पुष्कळदा तिचा मामाच असतो. या एका फरकातून दोन्हीकडच्या स्त्रीच्या वाट्याला आलेली आयुष्ये किती वेगळी होतात, हे त्यांनी ज्या नेमकेपणाने दाखवले, तसे दाखवायला नुसती विद्वत्ता पुरली नसती. त्यासाठी स्वतः सून म्हणून एखाद्या घरात वावरलेलीच अभ्यासक हवी होती.

जातीच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंशीही मतभेद नोंदवला. एका मूळ समाजाचे तुकडे होत जाऊन जाती निर्माण झाल्या, हे घुर्ये यांचे मत होते. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातील कुंभारांच्या निरनिराळ्या जाती तपासल्या. धंदा आणि नाव एकच असूनही या जाती एकाच घराण्याच्या फांद्या आहेत, असे त्यांना आढळले नाही. मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारीशेजारी नांदू लागले आणि त्यांचे मिळून हे समाज बनले, असे त्यांनी लिहिले. त्यांची मोजमापांवरची भिस्त आज जुनी वाटते आणि त्यावर टीकाही झाली आहे, आणि ती टीका अगदीच अनाठायी नाही. तरी हाती आलेले माप गुरूच्या सिद्धांताशी जुळले नाही तर सिद्धांत बाजूला ठेवायचा, हा बर्लिनमधला शिरस्ता त्यांनी पुण्यातही सोडला नाही.

[दृश्य : पुण्यातील सकाळचा रस्ता, स्कूटरींची वर्दळ.]

घरी जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले होती. या घरात मुले आईवडिलांना इरू आणि दिनू अशी नावानेच हाक मारत. बाई कपाळाला कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. ही आठवण सांगताना स्कूटरची टाकी भरलेली आहे ना, बाईंच्या पाकिटात पैसे आहेत ना, हे पाहणाऱ्या दिनकररावांचीही आठवण सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा व्याप सांभाळणारा हा गृहस्थ बायकोच्या कामाला आपल्या कामाइतकेच महत्त्वाचे मानत होता.

या सगळ्याकडे इरावतीबाई स्वतः थट्टेने पाहत. ‘परिपूर्ती’ या लेखात त्यांनी एका सभेची गोष्ट सांगितली आहे. तेथे त्यांची ओळख महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी अशी करून दिली जाते आणि त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी पोरे आपसांत कुजबुजतात, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पूर्ण होते. हा लेख कोणी आईपणाचे गुणगान म्हणून वाचतो, कोणी उपरोध म्हणून वाचतो. दोन्ही वाचने खरी ठरावीत, इतक्या बेताने त्यांनी तो लिहिला आहे.

[दृश्य : भांडारकर संस्था, ग्रंथांच्या ओळी.]

छंद म्हणावा तर महाभारताचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून चालू असलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून संहिता ठरवण्याचे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले आणि त्या संहितेच्या आधारे इरावतीबाईंनी लिहिलेल्या लेखांचा ‘युगान्त’ हा संग्रह १९६७ मध्ये आला. दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीष्माच्या त्यागाने घरातल्या स्त्रियांचे काय झाले, खांडववन जाळताना त्यातल्या जिवांचा विचार कोणी केला होता का, युधिष्ठिराचा पिता विदुर तर नव्हता ना, असे प्रश्न त्यांनी उघडपणे विचारले. लोक रागावले. नातेसंबंधांची कोष्टके मांडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना कुरुकुलाची वंशावळ तपासल्याविना राहवले नाही, इतकाच या पुस्तकाचा उगम असेल. मराठीत मात्र महाभारत वाचण्याची रीतच त्यानंतर बदलली.

[दृश्य : आळंदीहून निघालेली पालखी, दिवेघाट, टाळांचा आवाज. निवेदन थोडे थांबून.]

नास्तिकांच्या घरी वाढलेल्या आणि बुद्धिवाद्यांच्या घरी नांदलेल्या या बाई ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत गेल्या. वारीवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि त्याचे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी रूप जगभरच्या अभ्यासकांनी वाचले. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. सगळे मिळून तेच अभंग म्हणत आणि मुक्कामाला पोचल्यावर चुली वेगळ्या मांडत. इरावतीबाई मराठा बायकांच्या पंगतीला जेवल्या, तेव्हा त्या बायकांच्या वागण्यातला दुरावा कमी झाल्याचे त्यांना जाणवले. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या दिंड्या तर वेगळ्याच चालत होत्या. एकच भाषा, एकच देव आणि एकच वाट असलेल्या माणसांना असे वेगळे ठेवलेले पाहून रोज वाईट वाटत होते, असे त्या लिहितात. त्याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडली : ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात, तो महाराष्ट्र. भाषावार राज्याचा वाद चालू असताना ही व्याख्या कोणत्याही नकाशापेक्षा मोठी होती, आणि वेगळ्या चुलींची नोंद शेजारीच असल्यामुळे ती भाबडीही नव्हती. पुढे विठ्ठलाचे नाव त्यांच्या लेखनात एखाद्या जुन्या मित्रासारखे येत राहिले. त्यांचा देवावर विश्वास बसला होता का, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलेले नाही.

[दृश्य : कोयनेचा जलाशय, पाण्याची संथ रेघ.]

पालखीच्या वाटेवरचे फलटण ही पुढे त्यांच्या थोरल्या लेकीची, जाई निंबकर यांची कर्मभूमी झाली. जाई लेखिका झाल्या, आनंद वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि धाकट्या गौरी देशपांडे यांनी मराठी कथेतील स्त्रीला नवा आवाज दिला. मायलेकींनी मिळून कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली. ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, ती माणसे कोठे गेली आणि तेथे कशी जगत आहेत, हे विचारत केलेल्या या कामाचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर आठवडी बाजारांवरचा अभ्यासही हाती होताच.

११ ऑगस्ट १९७० रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी इरावतीबाई गेल्या. त्यांचे राहिलेले ललित लेख ‘गंगाजल’ या नावाने नंतर निघाले, आणि त्यांतही विठोबा आहेच.

[दृश्य : चंद्रभागेचे वाळवंट, पहाट. निवेदन समाप्त.]